उदी लुगड्याची घडी

वेल्ह्याच्या बाजारात, मेंगाईच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, एका पडवीत पारूबाई चोळ्या शिवायला बसायची. खोऱ्यातल्या बायका लुगडं आणि खण घेऊन तिच्यापुढं बसत. पारूबाई आधी बाईकडे बघायचीच नाही. लुगड्याचा काठ बघायची, मग खण उलटापालटा करायची, आणि दोन्ही जुळत नसले तर सरळ परत द्यायची.

"हा न्हाई चालायचा. काठात अंजिरी हाय, खणात त्याचं नाव न्हाई. बदलून आन."

बाई कुरकुरत दुकानाची पायरी पुन्हा चढायची, पण चढायची. कारण पारूबाईनं जुळवलेला जोड अंगावर घालून जत्रेत निघालं की माना वळत. मापासाठी तिच्याकडे सुताची दोरी असे. दंड, छाती, पाठ, जिथलं माप तिथं गाठ. एका बाईची एक दोरी. त्या दोऱ्या तिच्या डोक्यावरच्या खुंट्यांना लोंबत असत, आणि कुठली कुणाची हे तिला न बघता समजे. नवरीची चोळी तर तिच्याच हातची लागे. तिच्या हातची चोळी घालून बोहल्यावर चढलेली पोर सुखानं नांदते, असं खोऱ्यात झालं होतं.

जुळण्याचं हे वेड पारूबाईच्या डोक्यात कुठून शिरलं, असं नवी माणसं विचारत. जुनी माणसं विषय बदलत. ते वेड नव्हतंच. तो राग होता, आणि पारूबाईनं तो दुभत्या म्हशीसारखा निगुतीनं पाळला होता.

पारूबाई पासली गावची सून. घरात भाऊ तिघे. थोरला सावळाराम, मधला चिमाजी, धाकटा गेणू. ही गेणूची बायको. पहिली मोठी लढाई जुंपली तेव्हा गेणू पलटणीत भरती झाला आणि बसऱ्याकडे कुठंसा गेला. पहिल्या वर्षी एका शिपायाबरोबर निरोप आला, बरा हाय म्हणून. पुढं काहीच नाही. लढाई संपली, माणसं परतली, कुणी लंगडत, कुणी सरकारी कांबळं खांद्यावर टाकून. गेणू आला नाही आणि तो मेल्याचंही कुणी सांगितलं नाही. एक म्हणाला तापात गेला, दुसरा म्हणाला तिकडच्या एका बाईपाशी राहिला. पारूबाई दोघांचं ऐकून घ्यायची आणि सकाळी आंघोळ झाली की कपाळाला मेण लावून वर कुंकू रेखायची. रेखताना आरसा लागत नसे.

घरात राज्य थोरल्या जावेचं, सगुणाबाईचं. तिला कुणाशी भांडताना कुणी पाहिलं नाही. तिला भांडावं लागतच नसे. "बाई गं", "माझे आई" असं म्हणत म्हणत ती समोरच्याच्या ताटातली भाकर उचलून घ्यायची आणि वर त्यानंच ती दिली असं चारचौघांत सांगायची. पोटात एक आणि ओठात एक असणाऱ्या बायका पुष्कळ असतात, पण सगुणाबाईच्या ओठातलं इतकं गोड असे की पोटातलं कळायला वर्षं जात. धाकटीच्या कपाळावरचं ते कुंकू तिला खुपत होतं. ते आहे तोवर गेणूच्या वाटणीची खाचरं गेणूची होती. ते पुसलं असतं तर पारूबाई घरातली एक विधवा झाली असती, चुलीपाशी राबणारी, कोपऱ्यात जेवणारी. पण कुंकू पुसायला सांगायचं कुणी? तसं बोलून वाईट होईल ती सगुणाबाई कसली?

एकोणीसशे बावीस-तेवीसचा सुमार असेल. सगुणाबाईच्या थोरल्या लेकाचं, कुंडलिकाचं लग्न निघालं.

त्या घराची एक रीत होती. लग्नात घरच्या आणि भावकीतल्या जावांना एका ताण्याची लुगडी घ्यायची. एका ताण्याची म्हणजे विणकरानं एकदाच माग लावून, एकाच सुतात, एकाच रंगात, एकाच काठाची काढलेली. ही हौस नव्हती, तिला कारण होतं. नवी नवरी उंबरठ्यावर येते तेव्हा तिची मान खाली आणि पदर हनुवटीपर्यंत. तिला माणसं दिसत नाहीत. दिसतात ती पावलं, आणि पावलांवरचे लुगड्यांचे काठ. एका जोडाचे काठ जेवढे, तेवढ्या तिच्या सासवा. त्या काठांपुढं ती वाकते, बाकीची पावलं ओलांडून पुढं जाते. जिच्यापुढं ती वाकली ती त्या घरची सुवासीण. हे सांगावं लागत नाही, ते सगळ्या गावाला दिसतं.

जावा पाच. सगुणाबाई, चिमाजीची रतनबाई, भावकीतल्या दोघी आणि पारूबाई. सावळारामानं भोरला जाऊन लुगडी आणली. हिरवीगार, रुईफुली काठाची. नवरी घरात घ्यायच्या दिवशी सकाळी सगुणाबाई पाटी घेऊन माजघरात बसली आणि एकेकीला हाक मारून लुगडं हातात देऊ लागली. पारूबाईची पाळी शेवटी आली. पाटीतून निघालं ते उदी लुगडं. बिनकाठाचं म्हणावं इतका बारीक काठ, एक काळी रेघ. गावातल्या विधवा नेसत तसलं.

"ताण्यात चारच निघाली गं पारू," सगुणाबाई म्हणाली. "तुला हे आनलं. उदी रंग चांगला असतू बाई. मळखाऊ."

माजघरात बायका होत्या. सगळ्यांचे हात एकदम कामाला लागले.

"आक्का," पारूबाई म्हणाली, "असलं लुगडं कुणाला देत्यात, ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

"आता किती वर्सं झाली, माझे आई?" सगुणाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "देवानं केलं ते केलं. लोक मलाच नावं ठेवत्यात, धाकलीला अजून हिरवं नेसवतीया म्हनून. तुझ्या भल्याचंच सांगतीया."

पारूबाईनं लुगडं घेतलं. घडी मोडली नाही. स्वतःच्या लग्नातलं हिरवं लुगडं गाठोड्यातून काढून तिनं नेसलं. ते धुऊन धुऊन पोपटी पडलं होतं आणि त्याचा काठही निराळा होता. ते नेसून ती जावांच्या रांगेत शेवटी उभी राहिली. तिला कुणी हटकलं नाही. हटकायची गरज नव्हती.

नवरीचं नाव भागूबाई, भोरकडच्या एका गावची. कोवळी पोर. माप ओलांडून आत आली आणि खालमानेनं वाकत निघाली. सगुणाबाईच्या पायाशी वाकली, रतनबाईच्या पायाशी वाकली, भावकीतल्या दोघींच्या पायांशी वाकली. मग तिला एक विटका काठ दिसला आणि ती सरळ पुढं गेली. तिच्या पदराचं टोक पारूबाईच्या अंगठ्यावरून घासत गेलं. पोरीचा दोष नव्हता. तिला आईनं शिकवून पाठवलं होतं तसंच तिनं केलं होतं. पण तिथं दीर होते, भावकी होती, रतनबाई होती. "अगं, हिच्या बी पाया पड" एवढे शब्द कुणाच्याही तोंडातून निघाले नाहीत. चिमाजी छपराकडे बघत होता. रतनबाई स्वतःचा नवा काठ नीट करत होती.

पारूबाईला रडू आलं नाही. रांगेच्या दुसऱ्या टोकाला सगुणाबाई सुनेच्या तोंडात साखर घालत होती. तिच्याकडे बघत पारूबाईनं मनाशी बोलून टाकलं, की ह्या उदी लुगड्याची घडी तुमच्याच अंगावर मोडीन, आक्का. दुसरं कुणी नेसणार नाही.

लग्नाचे पाहुणे पांगले त्याच आठवड्यात तिनं घर सोडलं. भोरच्या बाजारात चंद्राबाई नावाची एक म्हातारी शिंपीण चोळ्या शिवायची. तिच्याकडे धुणंभांडी करायला म्हणून पारूबाई राहिली आणि बघता बघता हातात सुई आली. भोर संस्थानाचं गाव, तिथं कारकुनांच्या बायका, मास्तरांच्या बायका. त्यांच्यातल्या काही पुण्याहून नवी तऱ्हा शिकून आल्या होत्या. चोळी सोडून पोलकं, आणि पोलकं लुगड्याच्याच रंगाचं. म्हातारीला ते मुळीच पटत नसे. "सगळं अंग एका रंगात बुचकळल्यावानी दिसतंय," असं म्हणून ती नाक मुरडे. पारूबाई मात्र टक लावून बघायची. जोड जुळला की बाई कोण, कुठली, कुणाची, सगळं बोलायच्या आधी कळतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

हात बसल्यावर तिनं स्वतःसाठी म्हणून एक खण आणला. उदी, काळ्या रेघेचा, त्या लुगड्याच्या काठाशी तंतोतंत जुळणारा. तो मिळायला दुकानं पालथी घालावी लागली. चंद्राबाईनं खणाकडे बघितलं, पारूबाईच्या कपाळाकडे बघितलं.

"कुनाला गं ही?"

"माझ्या जावंला."

"मालक गेला व्हय तिचा?"

"न्हाई. धडधाकट हाय."

म्हातारीची सुई थांबली. "पारे, असलं शिवू नगंस. जित्या कुंकवावर रांडपनाची चोळी बेतायची न्हाई. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या कुनी केलं न्हाई. हात बाटतू. नवरीचा खण पुना त्या हातात घ्यायचा न्हाई."

"मला तरी कुठं इचारलं हुतं कुनी," पारूबाई म्हणाली आणि खणाला कात्री लावली.

चंद्राबाईनं ती चोळी आपल्या घरात पुरी होऊ दिली नाही. म्हातारी कजाग नव्हती, घाबरली होती. तिनं पारूबाईला सुया दिल्या, एक कात्री दिली आणि वाटेला लावलं. घडलं ते कुणाजवळ बोलायचीही तिला भीती वाटली, हे पारूबाईच्या पथ्यावर पडलं. ती वेल्ह्याला आली, पडवी धरली, आणि ती चोळी तिथं बसून शिवली. आत शिवणीला मुबलक माया ठेवली, पुढं उसवून सैल करता यावी म्हणून. सगुणाबाईचं अंग तेव्हा भरायचं होतं, आणि पारूबाईला घाई नव्हती.

सुरुवातीला तिच्याकडे म्हातारे खण येत, ठिगळं येत. नवरीचा खण कुणी देईना, कारण ही सुवासीण का विधवा हेच कुणाला ठरवता येईना. मग एकदा वरच्या वाडीवरची धोंडाबाई धनगरीण लेकीचा खण घेऊन आली. बाजारातल्या बायकांनी तिला बाजूला घेऊन कानात सांगितलं. धोंडाबाईचा आवाज मेंढरं हाकून हाकून दांडगा झालेला. ती भर बाजारात म्हणाली, "जिचं कुकू तिनं पुसलं न्हाई, तर तुमी कोन पुसनार गं भवान्यांनो?" चोळी पारूबाईनंच शिवली. त्या पोरीला वर्षाच्या आत मुलगा झाला, आणि मग रीघ लागली. नवरीचे खण आले, ओटीचे खण आले, डोहाळजेवणाच्या हिरव्या चोळ्या आल्या. प्रत्येक खणाबरोबर पारूबाई पुन्हा एकदा सुवासीण ठरत होती, सगळ्या खोऱ्याच्या साक्षीनं. चंद्राबाईचं बोलणं तिला आठवे. पण पेटीच्या तळाशी ती उदी घडी होती, घडीत चोळी होती, वर कडुनिंबाचा वाळका पाला होता, आणि ते काही ती बाहेर टाकून द्यायला तयार नव्हती.

सगुणाबाईनं तिच्याकडे कधी चोळी टाकली नाही. भोरहून शिवून आणायची. पण मेंगाईच्या जत्रेला ती दरसाल यायची आणि पारूबाईच्या पडवीवरूनच तिला जावं लागायचं. पारूबाई हातातलं काम न थांबवता बघायची. पाठ रुंद झाली. दंड भरला. गळ्याशी सुटलं. जत्रा उलगली की ती पेटी उघडायची, चोळीची शिवण उसवायची आणि मायेतून कापड सोडून पुन्हा टीप घालायची. असं किती वेळा केलं ते तिनं मोजलं नाही. बायका उपास धरतात, ही हे करायची.

त्या जत्रांमध्येच तिला आणखी एक गोष्ट कळली. कुंडलिकाच्या लग्नातली ती हिरवी लुगडी चौघी जत्रेला हमखास नेसत. वर्षं गेली तशी रतनबाईचं विटलं, भावकीतल्या दोघींचं विटलं, एकीच्या लुगड्याला तर मधोमध सांधा आला. सगुणाबाईचं मात्र हिरवंगार, रुईफुलाचं फूल न्‌ फूल उठून दिसणारं. रंगाचा धंदा असलेल्या बाईला ह्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता. सगुणाबाई दोन लुगडी आलटूनपालटून नेसत होती. ताण्यात पाच निघाली होती. पाचवं पेटीत गेलं होतं.

आजवर पारूबाईच्या रागात कुठंतरी एक बारीकशी शंका होती, की न जाणो, खरंच चार निघाली असतील. ती शंका त्या दिवशी मेली. बरं झालं मेली. राग एकदम स्वच्छ झाला.

सावळाराम गेला तो सदतीस-अडतीस साली, भातकापणीच्या तोंडाला. चार दिवस ताप येऊन गेला. माणूस वाईट नव्हता. बायकोच्या तोंडानं बोलायचा एवढंच. निरोप आला तेव्हा पारूबाई एका नवरीची चोळी पुरी करत होती. तिनं ती पुरी केली. मग पेटीच्या तळातून उदी घडी काढली, चोळी उलगडून मांडीवर घेतली, थोडा विचार केला आणि दोन्ही बगलांकडून एकेक बोट आत घेतली. दहा दिवसांच्या दुःखात बाई तेवढी आटते. हे तिनं कितीतरी विधवांच्या चोळ्या शिवताना पाहिलं होतं.

दहाव्याला दुखवटा असतो. विधवेला त्या दिवशी पांढऱ्या कपाळाचं लुगडं-चोळी चढवतात. ते माहेरून यायचं. पण सगुणाबाईचं माहेर आटून गेलेलं, भाऊ नाही, भाचा नाही. मग तो मान सख्ख्या जावेचा. रतनबाई दोन वर्षांमागं वारली होती. उरली पारूबाई. इतक्या वर्षांनी ती त्या घराचा उंबरठा चढली तेव्हा भावकीतल्या बायकांनी तिला वाट करून दिली. म्हणाल्या, कसं का असेना, घरचं माणूस वेळेला आलं.

सगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. बांगड्या फुटलेल्या, कपाळ धुतलेलं. पारूबाईनं पुढ्यात घडी ठेवली. सगुणाबाईनं नजर खाली केली आणि काळी रेघ बघितली. तिनं लुगडं ओळखलं. तिची पापणी हलली तेवढीच. पण दुखवट्याचं वस्त्र चारचौघांत परत करता येत नाही. आजवर त्या बाईनं चारचौघांचा आधार घेऊनच सगळं केलं होतं. आता चारचौघं समोर बसली होती.

भागूबाई सासूला उठवून आडोशाला घेऊन गेली. ती आता तीन लेकरांची आई झाली होती. चुलतसासू असूनही ती पारूबाईला "पारूबाई" म्हणे, बाजारातल्या बाईला म्हणावं तसं. घडी मोडल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. नव्या सुताचा, खरखरीत. इतकी वर्षं पडून राहिलेलं कोरं लुगडं. पारूबाई कान देऊन बसली होती. त्या आवाजासाठी तिनं आयुष्य घातलं होतं.

थोड्या वेळानं भागूबाई आतूनच म्हणाली, "चोळी लई चांगली बसली वो. माप कवा घेतलं?"

बाहेरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पारूबाई तर आजच सकाळी आली होती.

आत आडोशाला सगुणाबाई चोळीच्या शिवणीवरून बोटं फिरवत होती. संसार केलेल्या बाईच्या बोटांना डोळे असतात. तिला एका शेजारी एक, ओळीनं गेलेली सुईची जुनी भोकं लागली. एक ओळ, दुसरी, तिसरी. शिवण उलटवून बघितली तर आतलं कापड गडद आणि बाहेरचं घडीत पडून पडून फिकटलेलं. ती आडोशातून बाहेर आली. उदी लुगडं, उदी चोळी, रेघेला रेघ जुळलेली. खोऱ्यात पारूबाईनं जुळवलेल्या जोडांत इतका चोख जोड दुसरा नसेल.

"पारू," सगुणाबाई म्हणाली. आवाजात साखर नव्हती. "ही चोळी कवाची?"

"कुंडलिकाच्या लग्नानंतरची."

"म्हंजी माझा धनी जित्ता असताना तू..."

"माझा बी जित्ता हुता, आक्का," पारूबाई म्हणाली, "तवाच तुमी मला हे लुगडं दिलं. म्या निस्ती चोळी केली. जोड पुरा नको?"

भागूबाईनं तोंडावर पदर घेतला. एक म्हातारी उठून बाहेर जाऊन थुंकली. पारूबाई उठली, मयताच्या घरातून निघताना निरोप घेत नाहीत म्हणून तिनं घेतला नाही, आणि ताठ मानेनं वेल्ह्याची वाट धरली. वाटभर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. असा आनंद तिला लग्नातही झाला नसेल. खोटं कशाला बोला?

त्या माघात लग्नं धरली गेली. पारूबाईनं नव्या सुया आणल्या, पडवी सारवली आणि वाट बघत बसली. नवरीचा एकही खण आला नाही. आजवर हिच्या हाताला यश आहे म्हणणाऱ्या बायका आता पडवीवरून जाताना लेकींना पलीकडच्या अंगाला घेत. जित्या नवऱ्यावर विधवेची चोळी शिवणारी बाई, तिच्या हातचं नवरीच्या अंगाला कसं लावायचं? धोंडाबाई धनगरीण तेवढी आली. तिच्या धाकटीचं लग्न होतं. ती खण न आणता आली. बसली, पान खाल्लं, इकडचं तिकडचं बोलली.

"तू केलंस ते बरूबर केलंस," जाताना ती म्हणाली. "पर पोरीचा खण द्यायचं काळीज न्हाई व्हत गं."

पारूबाईनं तिला थांबवलं नाही. चंद्राबाईनं हे तिला फार आधी सांगून ठेवलं होतं. तिनं ऐकूनच कात्री चालवली होती, तेव्हा आता तक्रार कुणाकडे करायची? नवरींच्या मापाच्या दोऱ्या तिनं खुंटीवरून काढल्या नाहीत. त्या तिथंच लोंबत राहिल्या. कामाला येत त्या विधवा. त्यांना बाटायची भीती नव्हती.

पुढच्या सालचं भात झोडून झालं, कणगीत पडलं, आणि एका बाजाराच्या दिवशी सगुणाबाई आली. पासलीपासून चालत. अंगावर तेच उदी लुगडं, तीच चोळी. बाजारातल्या बायका दुकानं सोडून बघू लागल्या. ती पडवीत चढली आणि पारूबाईच्या पुढं बसली, खोऱ्यातली कुठलीही बाई बसते तशी.

"नवरीचा खण येत न्हाई म्हनं आता तुज्याकडं," ती म्हणाली.

"न्हाई येत."

"एवढ्यासाठी घालवलंस ते?"

"व्हय."

सगुणाबाईनं मान हलवली, जणू भाताचा भाव ऐकला. मग ओच्यातून पुडकं काढलं आणि सोडलं. आत दोन उदी खण होते. काळ्या रेघेचे, एकाच ताग्यातले. कड कडेला लावली तर एक धागा इकडचा तिकडं होत नव्हता.

"ही एकच चोळी किती धुवायची?" सगुणाबाई म्हणाली. "आनि ह्या बारीला ताग्यात पुरलं बग, माझे आई. दोन निघालं. एक मला शिव, एक तुला."

ती साखर परत आली होती. समोरच्या बायका कान टवकारून उभ्या होत्या. घरच्या जावेनं एका ताग्यातला खण स्वतःच्या हातानं आणून द्यावा, ह्याच गोष्टीसाठी पारूबाई एकदा विटक्या लुगड्यात रांगेच्या शेवटी उभी राहिली होती. तो जोड आज तिच्या मांडीवर ठेवला होता. घ्यायचा तर कुंकू पुसून घ्यायचा होता. आणि गेणू? तो तापात गेला का त्या बाईपाशी राहिला, हे अजूनही कुणी सांगितलं नव्हतं. पारूबाईला एका क्षणी असं वाटलं की घ्यावा. वय झालं होतं. रोज सकाळी मेण लावायचा तिला कंटाळा यायचा. दोघी जावा एका रंगात चुलीपाशी बसल्या तर कुणाचं काय जात होतं? असं तिला खरंच वाटलं.

तिनं सुताची नवी दोरी घेतली. "दंड पुढं करा," ती म्हणाली.

सगुणाबाईनं हात पुढं केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पारूबाईचं बोट तिच्या अंगाला लागलं. दंडाला गाठ मारली, पाठीला मारली, छातीला मारली. मग तिनं दोन्ही खण एकावर एक ठेवले, नीट दाबून सारखे केले, त्यावर ती एकच दोरी धरली, आणि कात्री चालवली. दोन्ही खण एकदमच कापले गेले, सगुणाबाईच्या मापानं.

"दोन्ही तुमालाच शिवती, आक्का," ती म्हणाली. "अंगाबदलाला लागतील."

सगुणाबाईनं कापलेल्या तुकड्यांकडे बघितलं, मग पारूबाईच्या कपाळाकडे. पारूबाईनं सुईत दोरा ओवला आणि पहिली टीप घातली. चोळ्या शिवून होईपर्यंत सगुणाबाई तिथंच बसून राहिली.